परदेशी जाणारा माल आणि पतपत्राचे कागद

शेतात उत्तम पीक काढणे, ते निगुतीने वाळवणे, निवडणे व पोत्यात भरणे, येथवरचे काम आपल्या शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बाजार समितीच्या आवारात माल नेला म्हणजे घेणारा पोत्यात हात घालतो, मूठभर माल तळहातावर घेऊन पाहतो, वास घेतो आणि मग भाव बोलतो. विकणाराही घेणाऱ्यास ओळखतो. त्याची पत कशी आहे, तो पैसे केव्हा देतो, हे चारचौघांस माहीत असते. माल आणि माणूस दोन्ही डोळ्यांसमोर असतात, म्हणून व्यवहार सुरळीत होतो.

परदेशी व्यापारात यातले काहीच नसते. घेणारा समुद्रापलीकडे असतो. त्याने माल पाहिलेला नसतो व आपण त्याचे दुकान पाहिलेले नसते. माल आधी पाठवावा तर पैसे बुडण्याचे भय आपणास, आणि पैसे आधी द्यावे तर माल न येण्याचे भय त्यास. ही अडचण दूर करण्यासाठी दोघांच्या मध्ये बँक उभी राहते व पैसे देण्याची हमी घेते. या हमीच्या लेखास पतपत्र म्हणतात; व्यापारी लोक त्यास ‘एल.सी.’ या नावाने ओळखतात.

२००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी स्थापन करण्याची वाट मोकळी झाली. २०२० साली केंद्र सरकारने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना हाती घेतली. त्यामुळे पूर्वी जो विषय केवळ मुंबईच्या पेढ्यांचा होता, तो आता गावच्या संस्थेच्या दप्तरापर्यंत येऊन पोहोचला आहे. सर्वच निर्यात पतपत्रावर होते असे नाही. ताजी फळे पुष्कळदा ‘आधी विक्री, मग हिशेब’ या रीतीने जातात. परंतु हळद, कांदा, शेंगदाणा, तांदूळ, कापूस अशा मालाच्या व्यवहारात, विशेषतः बांगलादेशासारख्या देशाशी व्यापार करताना, पतपत्राशी गाठ पडते. यास्तव त्याचे मर्म संस्थेच्या संचालकांनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

पतपत्र म्हणजे काय?

परदेशातील घेणारा आपल्या बँकेकडे जातो आणि तिला सांगतो की, अमक्या संस्थेने अमुक माल, अमुक मुदतीत जहाजावर चढविला असे दाखविणारे अमुक अमुक कागद आणून दिले, तर तिला इतके पैसे द्यावेत. ती बँक तसे वचन लिहून देते. हे वचन आपल्याकडील एका बँकेमार्फत आपणास कळविले जाते. आपण माल पाठवितो, कागद जमवितो आणि ते बँकेत सादर करतो. कागद पतपत्राबरहुकूम असतील तर घेणाऱ्याची बँक पैसे देण्यास बांधलेली असते. घेणाऱ्याचे मन पालटले, त्याच्या देशात भाव उतरला किंवा त्याचे दिवाळे निघाले, तरी बँकेचे वचन कायम राहते. पैसे कागद पाहताच मिळावयाचे की काही महिन्यांनी, हेही पतपत्रात लिहिलेले असते. आपल्याकडील जुन्या दर्शनी हुंडीचा व मुदतीच्या हुंडीचा भेद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे समजण्यास अवघड नाही.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी. आपणास पतपत्र कळविणारी आपल्याकडील बँक केवळ निरोप्या असते. पतपत्र अस्सल दिसते एवढी तिची ग्वाही. पैसे देण्याची जबाबदारी तिच्यावर नसते. तिने स्वतःही पैसे देण्याची पुष्टी दिली असेल तरच ती बांधली जाते. घेणाऱ्याच्या देशाविषयी अथवा त्याच्या बँकेविषयी शंका असेल, तर अशी पुष्टी मागावी. तिला खर्च पडतो, पण निश्चिंती लाभते.

बँक कागद पाहते, माल नव्हे

पतपत्राच्या व्यवहाराचा पाया असा की, बँकेचा संबंध कागदांशी असतो, मालाशी नसतो. बँकेतील माणूस गोदीत जाऊन पोते उघडत नाही. हळद पिवळीधमक आहे की कीड लागलेली, हे तो पाहत नाही व पाहण्यास बांधीलही नाही. त्याच्यासमोर येतात ते कागद, आणि त्या कागदांवरून जे दिसते तेवढ्यावरच तो निर्णय देतो. याचा अर्थ असा की, माल सोन्यासारखा असला तरी कागद चुकले तर बँकेची हमी गळून पडते.

हे किती कठोरपणे पाळले जाते, याचे एक उदाहरण आपल्याच देशाच्या भुईमुगाचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्कमधील एका खरेदीदाराच्या वतीने लंडनमधील एका बँकेने पतपत्र दिले. त्यात मालाचे नाव ‘कोरोमंडल भुईमूग’ असे होते. आपल्या पूर्व किनाऱ्यास कोरोमंडल म्हणतात. तेथील हा माल. विकणाऱ्याने बीजकात तेच नाव लिहिले. परंतु जहाज कंपनीने दिलेल्या पावतीत, म्हणजे बिल ऑफ लेडिंगमध्ये, ‘यंत्राने फोडलेले शेंगदाणे’ असे लिहिले गेले. बँकेने पैसे नाकारले. खटला झाला. त्या व्यापारातील जाणत्यांनी साक्ष दिली की, ही दोन्ही नावे एकाच मालाची आहेत व हे धंद्यात सर्वांस ठाऊक आहे. खालच्या न्यायालयाने विकणाऱ्याचे म्हणणे मानले. परंतु १९४२ साली अपील न्यायालयाने निकाल फिरविला व बँकेची बाजू उचलून धरली. बँक शेकडो प्रकारच्या मालाचे कागद पाहते. प्रत्येक धंद्यातील बोलीभाषा तिने जाणावी, अशी अपेक्षा धरता येत नाही, असे त्या निकालाचे सार आहे.

या खटल्यात माल खोटा होता असे कोणीच म्हटले नव्हते. शेतकऱ्याने भुईमूग पिकविला, तो फोडला गेला, जहाजावर चढला. एका कागदावरील चार शब्द मात्र दुसऱ्या कागदाशी जुळले नाहीत.

इतकी कठोरता कशासाठी?

हे ऐकून कोणासही वाटेल की, बँका उगाच शब्दांचा कीस काढतात. परंतु या कठोरतेमागे कारण आहे, व तेही एका जुन्या खटल्यावरून समजते. त्या काळच्या बटाविया बंदरातून, म्हणजे आजच्या जकार्तातून, व्हॅनिलाच्या शेंगा लंडनला जावयाच्या होत्या. मालाची तपासणी तज्ज्ञांनी, म्हणजे एकाहून अधिक जाणकारांनी, करून दाखला द्यावा अशी घेणाऱ्याची अट होती. हा मजकूर तारेने, सांकेतिक शब्दांत पाठविला गेला. मराठीत ‘तज्ज्ञ’ हा शब्द एकवचनात व अनेकवचनात सारखाच राहतो. त्या सांकेतिक भाषेतही तसेच होते. पलीकडच्या बँकेने एकाच तज्ज्ञाचा दाखला पुरेसा मानला व पैसे दिले गेले. नंतर पाहिले तो शेंगांच्या जागी काटक्या, दगड व जुने लोखंड भरलेले! घेणाऱ्याकडून ही रक्कम वसूल करण्याचा बँकेस हक्क नाही, असा निर्णय इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने दिला. हा निर्णय १९२७ च्या न्यायनिवेदनात प्रसिद्ध झालेला आहे. जवळजवळ सारखा किंवा तितकाच चालण्याजोगा कागद चालत नाही, हे तत्त्व त्यावरून रूढ झाले.

म्हणजे बँकेने थोडी ढिलाई केली तर नुकसान तिचेच होते. सबब ती कागद काटेकोरपणे पाहते, व पाहणारच.

कागदच पाहावयाचे, तर मग लबाडीने कागद रंगवून पैसे उचलता येतील, असा विचार मात्र कोणी मनात आणू नये. १९४१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले. हिंदुस्थानातून डुकराचे राठ केस पाठवावयाचे असताना पेट्यांत गाईचे केस व कचरा भरून धाडला, अशी घेणाऱ्याची तक्रार होती. जाणूनबुजून अशी फसवणूक झाली असेल, तर बँकेला पैसे देण्यापासून रोखता येते, असे न्यायालयाने म्हटले. तेव्हा माल खरा आणि कागद बिनचूक, या दोन्ही चाकांवरच हा गाडा चालतो.

आजचे नियम

पतपत्राचे नियम प्रत्येक देशाने निरनिराळे केले असते तर व्यापार अशक्य झाला असता. म्हणून पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने १९३३ साली एक नियमावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेळोवेळी सुधारणा होऊन १ जुलै २००७ पासून जी अमलात आली, तिला ‘यू.सी.पी. ६००’ म्हणतात. तिच्यात ३९ कलमे आहेत. आपल्या पतपत्रात या नियमावलीचा उल्लेख असला की ती दोन्ही पक्षांस लागू होते. आपल्या कामापुरते नियम थोडक्यात असे:

मालाचे वर्णन बीजकात पतपत्राप्रमाणेच असले पाहिजे. इतर कागदांत ते सर्वसाधारण शब्दांत चालते. मात्र ते पतपत्राशी विसंगत असता कामा नये. भुईमुगाच्या खटल्यातील कठोरता या नियमाने काहीशी सौम्य झाली आहे. तरीही सर्व कागदांत एकच नाव लिहिणे हा शहाणपणाचा मार्ग होय.

निरनिराळ्या कागदांतील मजकूर अक्षरशः एकच असण्याची गरज नाही, परंतु एका कागदाने दुसऱ्याला खोटे पाडू नये. अर्थ न बदलणारी शुद्धलेखनाची लहान चूक साधारणपणे दोष मानली जात नाही. अंक मात्र चुकता कामा नये. माल ३२१ क्रमांकाचा असता दाखल्यावर ३१२ पडले, तर तो निराळाच माल ठरतो.

कागद आल्यानंतर ते तपासण्यास बँकेला जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस मिळतात. कागद नाकारावयाचे असतील तर तिने त्या मुदतीत, सर्व दोष एकाच वेळी सांगून, तसे कळविले पाहिजे. आज एक दोष, उद्या दुसरा, असे तिला करता येत नाही.

हळदीच्या एका खेपेचे उदाहरण

नियम नुसते वाचून ध्यानी राहत नाहीत. म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, हिंगोली जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीस बांगलादेशातील खरेदीदाराकडून पतपत्र आले. माल: सेलम हळकुंडे, २० टन, ५० किलोची ४०० पोती. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून चट्टग्राम, म्हणजे पूर्वीचे चितगाव, येथे माल जावयाचा. माल जहाजावर चढविण्याची अखेरची तारीख ३१ मे व पतपत्राची मुदत १५ जूनपर्यंत. कागद कोणते द्यावयाचे, तर बीजक, पोत्यांची व वजनाची यादी, बिल ऑफ लेडिंग, उत्पत्तीचा दाखला व वनस्पती-आरोग्याचा दाखला. आता यात पाय कोठे कोठे घसरतो ते पाहू.

पहिली बाब तारखांची. ट्रक हिंगोलीहून कधी निघाला किंवा माल बंदरात कधी पोहोचला, याला महत्त्व नाही. बिल ऑफ लेडिंगवर माल प्रत्यक्ष जहाजावर चढल्याची जी तारीख असेल ती धरतात. ट्रक २५ मे रोजी बंदरात पोहोचला, परंतु जहाज उशिरा लागून माल २ जून रोजी चढला, तर मुदत टळली. त्यानंतर कागद सादर करण्याची मुदत असते. पतपत्रात निराळे काही सांगितले नसेल, तर माल चढल्यापासून २१ दिवसांच्या आत कागद दिले पाहिजेत. माल २० मे रोजी चढला असेल तर १० जून ही अखेरची तारीख होय. पतपत्राची मुदत १५ जूनपर्यंत आहे म्हणून तोवर थांबले, तर कागद शिळे ठरतात. काही पतपत्रांत २१ ऐवजी १५ दिवस लिहिलेले असतात. तसे असेल तर ४ जूनलाच मुदत संपते. कागद सादर करण्याच्या अखेरच्या दिवशी बँकेस नेहमीची सुट्टी आली तर पुढील कामकाजाचा दिवस मिळतो. परंतु माल चढविण्याची तारीख सुट्टीमुळे पुढे सरकत नाही.

दुसरी बाब पोत्यांची. पतपत्रात केवळ ‘२० टन’ असते, तर शेकडा ५ पर्यंत कमीअधिक माल चालला असता, म्हणजे १९ टनांपासून २१ टनांपर्यंत. मात्र मागावयाची रक्कम पतपत्रातील रकमेपेक्षा अधिक होता कामा नये. ‘सुमारे २० टन’ असे लिहिले असते तर शेकडा १० ची सूट मिळाली असती. परंतु येथे ‘४०० पोती’ असा आकडा दिलेला आहे. पोत्यांची संख्या नेमून दिली की ही ५ टक्क्यांची सवलत उरत नाही. चार पोती भिजली म्हणून बाजूला ठेवली व ३९६ पाठविली, तर तो दोष होय. म्हणून पतपत्र लिहिले जाण्यापूर्वीच घेणाऱ्यास सांगून वजनात व पोत्यांत शेकडा ५ कमीअधिक चालेल, असे शब्द घालून घ्यावेत.

तिसरी बाब नावाची. पतपत्रात ‘सेलम हळकुंडे’ आहे. आपल्या दप्तरात कोणी नुसते ‘हळद’ लिहितो, कोणी ‘हळकुंड व गड्डा’ लिहितो, कोणी ‘पॉलिश केलेला माल’ लिहितो. गावच्या बाजारात या शब्दांनी काही बिघडत नाही. परंतु बीजकात ‘सेलम हळकुंडे’ व पोत्यांच्या यादीत ‘हळकुंडे व गड्डे’ असे आले, तर दोन कागद एकमेकांविरुद्ध साक्ष देऊ लागतात. कोरोमंडल भुईमुगाची गोष्ट पुन्हा घडते.

चौथी बाब स्वच्छ पावतीची. जहाज कंपनीने बिल ऑफ लेडिंगवर ‘काही पोती फाटलेली’ अथवा ‘पोती ओली’ असा शेरा मारला, तर ती पावती स्वच्छ राहत नाही व बँक ती घेत नाही. कागदाचा हा दोष वस्तुतः गोदामात जन्माला येतो. जुने बारदान वापरणे, शिवण सैल ठेवणे, ओलसर जमिनीवर थप्पी लावणे, ट्रकवर ताडपत्री न घालणे, ही त्याची मूळ कारणे होत.

पाचवी बाब वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याची. माल कीड-रोगापासून मुक्त असल्याचा हा दाखला सरकारने नेमलेला अधिकारी देतो. सर्व कागदांवर पतपत्राचा क्रमांक लिहिलेला असावा, अशी अट कित्येक पतपत्रांत असते. परंतु पतपत्रासारख्या व्यापारी बाबींचा उल्लेख या दाखल्यावर करू नये, असा त्याविषयीचा आंतरराष्ट्रीय मानदंड आहे. तेव्हा ही अट पाळणे आपल्या हातीच नसते. अशा वेळी दाखला मिळविण्याच्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा पतपत्र येताच, ‘हा दाखला वगळून’ अशी दुरुस्ती मागणे इष्ट.

सहावी बाब सर्वांत घातक. काही पतपत्रांत अशी अट असते की, घेणाऱ्याने अथवा त्याच्या माणसाने सही केलेला तपासणीचा दाखला कागदांसोबत हवा. याचा अर्थ, पैसे मिळण्याची किल्ली घेणाऱ्याच्याच हाती राहिली. त्याने सही दिली नाही तर आपले सर्व कागद बिनचूक असूनही निरुपयोगी. अशी अट स्वीकारू नये. तपासणी हवीच असेल, तर ती दोघांस मान्य अशा त्रयस्थ संस्थेकडून करून घ्यावी.

कागदाची सुरुवात गावात होते

कागदांचे काम म्हणजे मुंबईच्या दलालाचे व बँकेचे काम, असा एक समज आहे. तो सोडून द्यावा. दलाल कागद तयार करतो, पण त्यातील आकडे व नावे गावाहून जातात. एखाद्या सभासदाने ५० ऐवजी ४९ किलोचे पोते भरले, तर ती तूट वजनाच्या यादीत उतरते. पुरती न वाळलेली हळद मापून भरली, तर बंदरापर्यंत तिचे वजन घटते आणि गावचे वजन व बंदराचे वजन जुळत नाही. पोत्यावरील खूण एक व यादीतील खूण दुसरी असली, तर माल कोणता हे ठरत नाही.

संस्थेच्या नावाचेही तसेच. नोंदणीच्या दाखल्यावर एक नाव, बँकेच्या खात्यावर दुसरे व आयात-निर्यात क्रमांकाच्या दाखल्यावर तिसरे, असे असू नये. मराठी नाव इंग्रजी अक्षरांत लिहिताना एकच स्वर कोणी एका अक्षराने लिहितो, कोणी दोन अक्षरांनी. एकदा जे रूप ठरले, तेच सर्वत्र कायम ठेवावे व करारापूर्वी घेणाऱ्यासही तेच लिहून कळवावे.

दोष निघाला तर?

काळजी घेऊनही दोष राहतात. बँकेने दोष काढले तरी मुदत शिल्लक असेल, तर चुकलेला कागद दुरुस्त करून पुन्हा देता येतो. म्हणूनच कागद अखेरच्या दिवशी न देता चार-सहा दिवस आधी देण्याचा फायदा मोठा आहे. बीजक व पोत्यांची यादी आपणच केलेली असते; ती तासाभरात बदलून देता येते. बिल ऑफ लेडिंग किंवा सरकारी दाखला बदलण्यास मात्र वेळ लागतो. तोही ज्याने दिला त्याच्याकडूनच रीतसर दुरुस्त करून घ्यावा लागतो. आपल्या हाताने खाडाखोड करणे हा गुन्हा होय.

मुदत टळली असेल तर घेणाऱ्याची बँक घेणाऱ्यास विचारते की, हा दोष तुम्हांस मान्य आहे काय. त्याने होकार दिला व बँकही राजी झाली, तर पैसे मिळतात. दोषाबद्दल काही शुल्क कापले जाते. परंतु आता हमीचा आधार सुटलेला असतो व सर्व काही घेणाऱ्याच्या मर्जीवर येते. बाजार चढा असेल तर तो मुकाट्याने होकार देईल. बाजार उतरला असेल तर तोच मनुष्य एका अंकाची चूक पुढे करून भाव पाडून मागेल. माल परक्या बंदरात पडलेला, जागाभाडे दररोज वाढते आहे, माल परत आणावा तर खर्च दुप्पट. अशा स्थितीत संस्थेस तो मागेल त्या भावाने माल द्यावा लागतो. ही तूट अखेरीस सभासदांच्याच पदरात पडते. वर्षभर राबून काढलेली हळद अशा रीतीने एका चुकलेल्या आकड्यापायी मातीमोल होऊ नये, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप आहे.

आणखी एक इशारा. काही अडचण आली की घेणारा दूरध्वनीवर किंवा भ्रमणध्वनीच्या संदेशात सांगतो, ‘काळजी करू नका, दहा दिवस उशीर चालेल.’ त्याचे हे शब्द प्रामाणिक असतील, पण बँकेस ते ठाऊक नसतात व तिच्यावर बंधनकारकही नसतात. पतपत्रातील दुरुस्ती त्याच्या बँकेकडून, रीतसर, आपल्या बँकेमार्फत आली तरच ती दुरुस्ती. ती हाती पडेपर्यंत मूळ अट कायम आहे असेच समजावे. आलेली दुरुस्ती मान्य करणे वा न करणे आपल्या हाती असते. परंतु एकाच दुरुस्तीतील सोयीचा भाग घेऊन गैरसोयीचा टाकता येत नाही.

कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. पतपत्र ज्या दिवशी हाती पडेल त्याच दिवशी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. भाषा समजत नसल्यास बँकेच्या शाखेत बसून अर्थ समजावून घ्यावा. ट्रक भरण्याच्या दिवशी वाचून उपयोग नाही.

२. जी अट पाळता येणार नाही तिच्यावर खूण करून माल हलविण्यापूर्वी दुरुस्ती मागावी.

३. माल चढविण्याची, कागद देण्याची व पतपत्र संपण्याची, अशा तीन तारखा मोठ्या अक्षरांत लिहून संस्थेच्या कचेरीत लावाव्यात.

४. मालाचे नाव, संस्थेचे नाव, घेणाऱ्याचे नाव व पोत्यांवरील खूण पतपत्रावरून एका कागदावर उतरून घ्यावी आणि त्याच्या प्रती दलाल, वखार व वाहतूकदार यांस द्याव्यात. प्रत्येकाने तेवढेच व तसेच लिहावे.

५. भरतीच्या वेळी प्रत्येक पोते एकाच काट्यावर तोलावे. नक्त वजन व बारदानासह वजन निराळे लिहावे. काटा प्रमाणित असावा.

६. पोती कोरडी, नवी व पक्क्या शिवणीची असावीत. ट्रक झाकलेला असावा.

७. सर्व कागद जमल्यावर दोन माणसांनी बसावे. एकाने पतपत्र मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने प्रत्येक कागदावर बोट ठेवून जुळवून पाहावे. ज्याने कागद तयार केला त्यालाच आपली चूक दिसणे कठीण असते.

८. कागद मुदतीच्या आधी द्यावेत व बँकेकडून तारखेसह पोच घ्यावी.

शेतकरी बंधूंनो, आपल्या पूर्वजांनी हुंडीच्या एका चिठ्ठीवर देशभर व्यापार चालविला, तो शब्दाला जपून. पतपत्र हाही शब्दाचाच व्यवहार आहे. फरक इतकाच की, येथे शब्द तोंडचा नसून कागदावरचा असतो आणि तो वाचणारा आपणास कधी भेटत नाही. बियाणे निवडताना जी नजर आपण दाण्यावर ठेवतो, तीच नजर कागदावरील अक्षरांवर व अंकांवर ठेवली, तर परदेशी गेलेल्या मालाचा पैसा वेळेवर व पुरता घरी येईल.